तथास्तुचा धाक

वारज्याच्या त्या घरात एक विचित्र गोष्ट घडत होती. रांगू लागलेल्या निकिताची आई, भाग्यश्री, आपल्याच मुलीजवळ एकटी थांबेना. सासूबाई कुसुमताई खाली भाजी आणायला निघाल्या, की ही चपला घालून त्यांच्या मागे. शेजारणी म्हणत, "सून फारच सासूवेडी हो!"

खरं कारण शेजारणींना ठाऊक नव्हतं. आपल्याच हातून निकूला काही झालं तर, हा विचार तिच्या मनात केव्हाही उसळायचा. नको म्हणावं तेवढ्याच जोराने यायचा. मग ती कानाला हात लावून "शुभं, शुभं" पुटपुटायची आणि नवऱ्याला फोन करायची, "मी तसं करणार नाही ना?" सौरभ बिचारा मीटिंगमधून उठून सांगायचा, "नाही गं, कशी करशील?" थोडा वेळ बरं वाटायचं, की पुन्हा फोन.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी, म्हणजे नको तेच विचार पुन्हा पुन्हा आणणारा आजार. गोळ्या सुरू झाल्या आणि कसबा पेठेतल्या दीपाली मॅडमकडे थेरपीही. मॅडमनी दिलेला अभ्यास मोठा कठीण होता. तो विचार मोठ्याने बोलायचा आणि त्यावर "शुभं" म्हणायचं नाही, फोन करायचा नाही. भीती आली तर येऊ द्यायची.

एका दुपारी दार लोटून भाग्यश्री तेच करत होती. "कदाचित माझ्या हातून निकूला इजा होईल."

कुसुमताईंनी नेमकं ते ऐकलं. "अगं, काय अभद्र बोलतेस! वास्तू तथास्तु म्हणत असते!"

झालं! आधीच भाग्यश्री गोंधळली होती. आदल्या दिवशी तेच वाक्य बोलताना तिला कमी भीती वाटली होती. भीती कमी झाली, म्हणजे मला ते चालतंय का? या मॅडम मला बरं करतायत, की निर्ढावलेली बनवतायत? तिने निकूचे कपडे भराभर पिशवीत भरले. पोरीला खडकीला आपल्या आईकडे ठेवायचं आणि ही थेरपी कायमची सोडायची, असं तिने ठरवून टाकलं.

"अंगावर पिणारं पोर आईवेगळं करतेस?" कुसुमताई हादरल्या. "चल, आधी त्या बाईंनाच जाब विचारते."

मॅडमसमोर बसताच कुसुमताई म्हणाल्या, "घरात असलं बोलायला लावता? वास्तू तथास्तु म्हणते, माहीत आहे ना आपल्याला?"

"माहीत आहे. तुमच्या सोसायटीची लिफ्ट चालू आहे का हो?"

"कुठली! किती महिने बंदच आहे."

"चालू होऊ दे, असं म्हणत असालच की. त्या वेळी वास्तू बाहेर गेलेली असते वाटतं."

कुसुमताईंना नाइलाजाने हसू आलं. भाग्यश्री मात्र हसली नाही.

"मॅडम, मग माझी भीती कमी का झाली? मी वाईट आहे म्हणूनच ना? नक्की काय ते सांगा."

"हे 'नक्की सांगा' म्हणणारा तुमचा आजार आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "उपचारात भीती हळूहळू ओसरतेच. ती ओसरली, की आजार नवी शंका काढतो. हे आज समजावून सांगितलं. उद्या पुन्हा विचारलंत, तर उत्तर देणार नाही. घरच्यांनीही देऊ नये. भलते विचार तर सगळ्यांनाच येतात."

कुसुमताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "सौरभ तान्हा होता तेव्हा त्याला घेऊन गॅलरीत उभी राहिले, की वाटायचं, हात सुटला तर? आजवर कुणाला बोलले नाही."

भाग्यश्रीने चमकून पाहिलं. "मग आई, तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दूध उतू चाललं होतं. आत गेले."

घरी येताच कुसुमताईंनी पिशवीतले कपडे कपाटात ठेवले. दुधी आणि सुरी भाग्यश्रीपुढे ठेवली आणि स्वतः चपला घातल्या.

"आई, काही होणार नाही ना?"

"नाही गं बाई" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. "मला नाही सांगता यायचं. तू दुधी चीर. मी कोथिंबीर घेऊन येते." जिना उतरताना त्यांचा पाय दोनदा अडखळला, पण त्या मागे वळल्या नाहीत.

वर भाग्यश्रीने सुरी हातात घेतली. सतरंजीवर निकू डबा वाजवत होती. तो विचार आला. तिने त्याला हुसकावलं नाही, कानालाही हात लावला नाही. डोळे भरून आले तरी ती चिरत राहिली.

कोथिंबीर घेऊन परतलेल्या कुसुमताईंनी ताटाकडे पाहिलं. "केवढाल्या फोडी या!" त्या म्हणाल्या, आणि मग सुनेला जवळ घेऊन रडल्या.

मंडळी, मनात काय यावं हे कुणाच्याच हातात नसतं. आपल्या घरात कुणी अशा विचारांनी गांजलेलं असेल, तर अभद्र बोलू नकोस म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. तो दहादा विचारील, काही होणार नाही ना? तेव्हा 'नाही' म्हणणं सोपं असतं. खऱ्या मायेला तो शब्द गिळावा लागतो.