मागच्या गाडीचे दिवे

लोरेदानाने गियर उतरवला, तशी गाडी खोल आवाजात घुमली आणि हॅरिएटव्हिलची शेवटची घरे मागे टाकून पहिल्या चढाला लागली. शेजारी बसलेल्या सिल्वानोने छातीवरचा पट्टा आणखी एकदा ओढून पाहिला. मग सहज आठवल्यासारखे विचारले,

"काल रात्री काय जेवलो गं आपण?"

"पोलेंता. तू दोनदा घेतलीस."

"आणि परवा?"

"परवा तुझ्या लेकीकडे होतो. तिनं मासे करपवले आणि तू छान झालेत म्हणालास." तिची नजर रस्त्यावरच होती. "अजून काही? पंतप्रधानांचं नाव सांगू?"

"मी आपलं बोलायचं म्हणून बोलतोय."

"लग्नाला इतकी वर्षं झाली. बोलायचं म्हणून तू कधी बोललास?"

थंडी होती तरी सिल्वानोचे तळवे ओलसर झाले होते. त्याने ते पँटला पुसले आणि उजवा हात पुन्हा दोन बैठकांच्या मधल्या हँडब्रेकजवळ नेऊन ठेवला.

ऑक्टोबरात लोरेदाना अंगणात कपडे वाळत घालताना पडली होती. तो शेडच्या दारात उभा होता. गवतावर काहीतरी पांढरे पडलेले त्याला दिसले होते आणि चादर वाऱ्याने खाली आली असे समजून तो पुन्हा आपल्या कामाला लागला होता. किती वेळाने त्याने दुसऱ्यांदा पाहिले, ते त्याला आजही सांगता येत नव्हते. नंतर तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो झाले, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने गाडीला हात लावायचा नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. तेही तिने पाळले. शेजारच्या बायकांच्या गाडीतून चर्चला जाताना मागच्या बाकावर ती तोंड बांधल्यासारखी बसायची. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद चाळले आणि म्हणाल्या, चालवा आता. घरी आल्यावर लोरेदानाने कोटसुद्धा काढला नाही. बादली भरून घेतली आणि गाडी धुवायला गेली.

ही तिची वार्षिक फेरी होती. दरीतल्या सगळ्यांच्या शेतात तंबाखू होता, तेव्हापासूनची. हंगाम आटोपला, माल विकला गेला, की एप्रिलमध्ये, थंडी सुरू होताना, एक दिवस ती एकटी गाडी घेऊन हॉथमच्या डोंगरावर चढायची, पलीकडे ओमिओला उतरून जेवायची आणि संध्याकाळी परत यायची. काम काही नसायचे. पुढे तंबाखू गेला, चेस्टनटची झाडे आली, पण फेरी चुकली नाही. सिल्वानो कधी बरोबर गेला नव्हता. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे डोके गरगरायचे. तंबाखू वाळवायच्या भट्टीत पाने बांधलेल्या काठ्या टांगायला वर ती चढायची आणि खालून काठ्या तो द्यायचा. यावरून दरीतल्या लोकांनी त्याची चेष्टा करायची ती भरपूर करून घेतली होती. चेस्टनट मला आवडतात, तो सांगायचा, पिकले की स्वतःहून खाली येतात.

या वर्षी मात्र तो आला होता. त्यांच्या लेकीने, फिओरेल्लाने, स्वयंपाकघरात त्याला बाजूला घेऊन बजावले होते. "पप्पा, तुम्ही जा तिच्याबरोबर. जरा काही वेगळं वाटलं की गाडी थांबवायची."

"वेगळं म्हणजे काय?"

"शब्द सापडत नाहीये, तोंड एका बाजूला ओढलं जातंय, डोळे जड झालेत. असं काहीही."

म्हणून सकाळपासून तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

रस्ता आता डोंगराच्या कडेकडेने वर जात होता. दरी बहुतेक वळणांवर डाव्या हाताला होती, म्हणजे त्याच्या बाजूला. कठडा कुठे होता, कुठे नव्हता. लोरेदाना वळणाआधी वेग उतरवायची, वळणात पाय हलका ठेवायची आणि बाहेर पडताना गाडीला पुन्हा मोकळे सोडायची. हे सगळे तिच्या हातून पोळीची कणीक मळावी तसे होत होते. एका लांबलचक वळणातून गाडी बाहेर आली तेव्हा तिच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला.

सिल्वानो तिच्याकडे वळून बसला.

"लोरे, हस बरं जरा."

"काय?"

"हस. दोन्ही बाजूंनी."

तिने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि पुन्हा समोर पाहिले. "सिल्वानो, मी हसतच होते. मजा येतेय मला. तुला माझ्या तोंडाकडे बघत बसायचं असेल तर मागच्या सीटवर जा, आरशात बघ."

त्याने खिडकीकडे मान वळवली. खाली, फार खाली, झाडांचे शेंडे होते. त्याने मान लगेच परत घेतली.

वणव्यात जळून वाळलेली झाडे सुरू झाली आणि त्यांच्याबरोबर धुके आले. आधी पांढऱ्या खोडांमधून थोडे थोडे, आणि मग एका वळणानंतर अचानक सगळीकडे. बर्फात रस्ता कळावा म्हणून कडेने उभे केलेले नारिंगी खांब तेवढे एकेक करून समोर येत होते. लोरेदानाने दिवे लावले, वेग निम्मा केला. ती आता बोलत नव्हती. थकली असेल का, सिल्वानोच्या मनात आले. की शब्द सापडत नाहीयेत? त्याला पुन्हा काहीतरी विचारायचे होते, पण विचारायचा धीर होईना.

पुढच्या वळणाच्या तोंडाशीच तिने ब्रेक दाबला. दोन हातांवर एक पांढरी गाडी रस्त्यात उभी होती. धोक्याचे दिवे उघडझाप करत होते. एक मुलगी रस्त्यावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

"बंद पडली का?" लोरेदानाने काच खाली करून विचारले.

"गाडी ठीक आहे. रॉरी ठीक नाहीये," मुलगी म्हणाली. तिच्या पातळ जॅकेटवर धुक्याचे थेंब जमले होते. "तो म्हणतो रस्ता दिसत नाही. पुढेही जात नाही, मागेही जात नाही. मला गाडी चालवता येत नाही, आणि फोनही लागत नाहीये."

लोरेदाना उतरली. सिल्वानोला काचेतून दिसले ते असे, की पांढऱ्या गाडीत एक धिप्पाड तरुण स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला आहे आणि त्याची पापणीही हलत नाही. लोरेदानाने दार उघडले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलली. बऱ्याच वेळाने त्याचे एकेक बोट सुटले.

ती परत आली ती सिल्वानोच्या खिडकीशी.

"ती गाडी मी वर नेते. ही तू आण."

"मी?"

"मग कोण? स्वतःच्या पायांनी येणार आहे का ती? इथं वळणावर उभं राहून चालणार नाही. लाकडाचे ट्रक असतात या रस्त्याला. मागून एक आला तर आपल्याला चौघांनाही घेऊन खाली जाईल."

"लोरे, तुला मध्येच काही झालं तर?"

"तर ती दोघं आहेत गाडीत."

"एक गोठलाय आणि दुसरीला गाडी येत नाही!"

"म्हणून तर मी चाललेय." तिने खिडकीतून हात आत घालून त्याच्या गालाला लावला. हात गार होता. "दुसऱ्या गियरच्या वर जाऊ नकोस. माझ्या लाल दिव्यांवर नजर ठेव. दरीकडे बघू नकोस. तशी ती आज दिसतही नाहीये."

तो मधल्या हँडब्रेकवरून कसाबसा पलीकडे सरकला. बैठक तिच्या मापाने पुढे ओढलेली होती, त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. मागे घ्यायला वेळ नव्हता. समोरचे लाल दिवे हलले होते.

त्याने आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला होता, बाजाराला जाणारी गाडी चालवली होती, पण सपाटीवर. इथे क्लचवरून पाय काढायचा त्याला धीर होत नव्हता. लाल दिवे पंधरा-वीस हातांवर, कधी स्पष्ट, कधी नुसते डाग. वळण आले की ते डाग उजवीकडे सरकत आणि विझत. आता ती तिथे, अनोळखी गाडीत, अनोळखी माणसांत. तिचे डोळे मिटले तर त्याला इथून दिसणारही नव्हते. दिवे उजवीकडे जाण्याऐवजी सरळच गेले तर? मग तो काय करणार होता? ओरडणार होता? वळण पार झाले की दिवे पुन्हा दिसायचे आणि तो मोठ्याने म्हणायचा, "हां. आहेस."

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. जिथे ब्रेक मारायचे कारण नव्हते, अशा सरळ रस्त्यावर तिचे ब्रेकचे दिवे लागत होते. वळणाआधी नव्हे, वळण संपल्यावर. लागत, जळत राहत, विझत. काही वेळाने पुन्हा तेच. आपली बायको गाडी अशी चालवत नाही, हे त्याने सकाळपासून पाहिले होते. पायातले त्राण चालले आहे का तिच्या?

या विचारात त्याचा पाय क्लचवरून घसरला. गाडीने गचका खाल्ला आणि ऐन चढावर बंद पडली. ती मागे सरकू लागली तेव्हा हँडब्रेक त्याने दोन्ही हातांनी ओढला. सगळीकडे एकदम शांत झाले. एक पक्षी कुठेतरी धुक्यात ओरडला. समोर लाल काहीच नव्हते.

किल्ली फिरवली, गाडी गुरगुरली, बंद पडली. पुन्हा फिरवली. "चल गं बाई," तो गाडीला म्हणाला, जशी गायीची समजूत काढावी. तिसऱ्या वेळी ती चालू झाली. हँडब्रेक सोडताना त्याने डोळे मिटले होते, हे त्याला नंतर कळले.

वळण ओलांडले आणि त्याला ते दिवे दिसले. उभे होते. रस्त्याच्या मधोमध, जळत, अजिबात न हलता.

"लोरे."

त्याने काच खाली केली. गाडीतून उतरायला दाराच्या कडीशी हात गेला, आणि त्याच क्षणी समोरचे ब्रेकचे दिवे विझले. पांढरी गाडी हलली, हळूच पुढे झाली, आणि त्याच्यासमोर सावकाश, माणूस चालेल त्या गतीने, वर चढू लागली.

हॉथमला बर्फाचा हंगाम अजून सुरू न झाल्याने सगळे बंद होते. एक कॉफीचे दुकान तेवढे उघडे होते आणि त्याच्या पिवळ्या खिडक्यांपुढे दोन्ही गाड्या एकदाच्या थांबल्या. सिल्वानोने उतरून पाहिले. लोरेदाना आपल्या पायांनी सरळ दुकानात शिरत होती. तो मग बोनेटवर हात टेकून जरा वेळ तसाच उभा राहिला.

आत आल्यावर त्या तरुणाने त्याचा हात हातात घेतला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला होता.

"तुम्ही किती वर्षं चालवताय या रस्त्यावर?"

"आत्ताच सुरुवात केली," सिल्वानो म्हणाला.

तरुणाला ती थट्टा वाटली. मुलगी मात्र हसली नाही. तिचे नाव तालिया होते, आणि ती आपली मान चोळत होती.

"मला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं आणि मागच्या काचेतून बघायला लावलं," ती म्हणाली. "प्रत्येक वळण संपलं की विचारायच्या, येतोय का? दिवे दिसतायत का? मी हो म्हटलं की मगच पाय ब्रेकवरून काढायच्या. एकदा तुमचे दिवे आलेच नाहीत. त्यांनी गाडी थांबवली ती थांबवलीच. रॉरी म्हणाला, ट्रक येईल. तर त्याला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, आम्हाला नाही कळलं."

"काय म्हणाली?"

तालियाने आठवून आठवून तो शब्द उच्चारला. सिल्वानोने आयुष्यात तो फक्त आपल्या सासऱ्याच्या तोंडून ऐकला होता, आणि तोही खेचराला उद्देशून.

लोरेदाना काउंटरवर कॉफीची वाट बघत पाठमोरी उभी होती. तिने एकदाही मागे पाहिले नाही.

रॉरीने धुके जाईपर्यंत तिथेच थांबायचे ठरवले. दुकानातल्या फोनवरून तालियाने आपल्या भावाला बोलावून घेतले. म्हाताऱ्या जोडप्याने मात्र कॉफी संपवली, निरोप घेतला आणि दोघे बाहेर आले. सिल्वानोने किल्ली पुढे केली. लोरेदानाने ती घेतली नाही. गाडीला वळसा घालून ती डाव्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"ओमिओपर्यंत तू चालव."

"का? बरं नाही वाटत?"

"बरं वाटतंय."

"खरं सांग, लोरे."

"खरंच सांगतेय. इतकी वर्षं येतेय मी इथं. वळणं तेवढी पाठ झाली. डोंगर कधी बघितलाच नाही. चालवणाऱ्याला कुठं दिसतो तो?"

"आज काय दिसणार आहे? नुसतं धुकं."

"मग धुकं बघेन. तू बस."

तो बसला. या वेळी त्याने बैठक मागे घेतली, आरसा नीट केला, आणि पलीकडचा उतार सुरू झाला. लोरेदानाने खिडकीची काच पूर्ण खाली केली. गार ओली हवा आत शिरली, तिचे केस उडू लागले. ती हात खिडकीवर टेकवून बाहेर तोंड काढून बसली होती. तिचा चेहरा कसा दिसतो आहे, हे त्याला एकदा बघायचे होते. पण समोर वळण आले होते.