दुबार माल

सून एका जमीन मोजणाऱ्या कंपनीत नकाशे काढायची. काम सगळं संगणकावरचं, तरी नऊ वर्षं ती रोज बसनं दोन तास जायची आणि दोन तास यायची. कारण साहेबांना खुर्चीत माणूस बसलेला दिसावा लागायचा. काम झालं की नाही, ते नंतर. शेवटी भांडून भांडून तिनं घरून काम करायची परवानगी मिळवली. अटी दोन: इंटरनेट तुटायचं नाही, आणि प्रत्येक नकाशाची प्रत वेगळ्या जागी हवी. सोमवारी अकराला व्हिडिओ कॉलवर तपासणी. नापास झाली तर परत तीच बस.

गल्लीत केबल आलेली नव्हती. म्हणून तिनं सिमकार्डावर चालणारा राउटर आणला आणि सोबत त्यालाच जोडायचा बॅकअपचा एक डबा, आत डिस्क बसवलेला. नवऱ्यानं उत्साहानं राउटर टीव्हीमागं दडवला. का, तर दिसायला बरं.

"अरे, रेंजची एकच काडी येतेय."

"येईल हळूहळू. सेट होऊ दे."

"दही आहे का ते, विरजायला?"

तिनं फोन हातात धरून घर पालथं घातलं. स्वयंपाकघरात दोन काड्या, जिन्यात तीन. आणि पाचच्या पाच कुठं? तर सासऱ्यांच्या खाटेशेजारच्या खिडकीत! नशीब असं बरोबर दार हुडकून येतं.

सासरे एकतीस वर्षं गोदामाचे स्टोअरकीपर होते. नोकरी सुटली, पण अंगातलं गोदाम गेलं नाही. एका वस्तूला एक जागा, दुसरी दिसली की तो दुबार माल. घरात दोन कात्र्या असल्या की एक गुपचूप शेजाऱ्यांकडे जायची.

"माझ्या खिडकीत ठेवायचं तर ताबा माझा," ते म्हणाले. "आत काय आहे ते मला दिसलं पाहिजे. बंद पेटी मी जन्मात ठेवून घेतली नाही."

खिडकी त्यांची, गरज तिची. बायकांची निम्मी हुशारी अशा खिडक्या मिळवण्यातच खर्ची पडते. तिनं त्यांच्या टॅबलेटवर डबा उघडून दिला, आणि जाताजाता एक बटण दाबून ठेवलं: पुसलेलं तीस दिवस आत झाकून राहील. हे सासऱ्यांना सांगितलं नाही. ते खरंच तसं राहतं का, हे तपासायला मात्र तिला वेळ झाला नाही.

सोमवारी अकराला ऑफिसातल्या मॅडम पडद्यावर आल्या. इंटरनेट लोण्यासारखं चाललं.

"आता समजा, तुमचा लॅपटॉप बिघडला. परवाचा नकाशा डब्यातून काढून दाखवा."

तिनं डबा उघडला. आत काही नाही. साफ रिकामा.

"बाबा!"

"ओरडतेस काय?" सासरे टॅबलेट घेऊन दारात उभे. "तेच नकाशे तुझ्याकडे, तेच इथं. सकाळी बसून अकराशे चाळीस पुसले. आभार नंतर मान."

मॅडमनी चष्मा काढला. स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "मी सांगत होतो, टीव्हीमागंच..."

"तू गप रे!" सून म्हणाली.

तिनं तो झाकलेला कप्पा उघडला. पडद्यावर चकती फिरत राहिली, फिरत राहिली. मग एकेक नकाशा वर आला, अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस. तिनं सगळे जागेवर परत ठेवले आणि श्वास सोडला.

"हे गृहस्थ कोण?" मॅडमचा आवाज थंड होता.

घरातला कुणीही येऊन काम पुसतो म्हटलं असतं, तर परवानगी तिथंच संपली असती.

"आमचे तपासनीस," सून म्हणाली. "डब्यावर भरवसा ठेवायच्या आधी आम्ही मुद्दाम पुसून बघतो."

"काका, तुम्ही मुद्दाम पुसलंत?"

सासऱ्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग पडद्यावर परत आलेल्या मालाकडे. बाहेर काढलेला माल परत आत! एकतीस वर्षांत असला अपमान झाला नव्हता.

"मुद्दाम नाही तर काय झोपेत?" ते कडाडले. "उद्या पुसणार. परवाही पुसणार!"

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"रोज?" मॅडमनी लिहून घेतलं. "आमच्या ऑफिसात हे कुणी एकदाही करून पाहिलेलं नाही. पास."

कॉल बंद झाला. सासरे बराच वेळ खाटेवर गुरगुरत बसले. मग सुनेच्या टेबलाशी येऊन खाकरले. "तपासनीस म्हणालीस. कामाचे नियम काय?"

तिच्या डोळ्यांत चमक आली. "दहा ते पाच कामावरच्या माणसाला हाक मारायची नाही. चहा नाही, चष्मा कुठंय नाही, काही नाही."

"ऑफिसचा नियम?"

"ऑफिसचा."

असा नियम ऑफिसनं कधी केला नव्हता. पण नियम म्हटलं की सासऱ्यांचा कणा ताठ होतो. एक वाजता त्यांनी स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. आणि नवऱ्यानं टीव्हीसमोरून हाक मारली, "अगं, पाणी..."

"शू!" सासरे त्याच्यावर खेकसले. "ती ड्युटीवर आहे."