भरतीला मान्यता

आमोण्याच्या धक्क्यावरून मुरगाव बंदरात खनिज नेणाऱ्या एका बार्जवर शांताराम एकवीस वर्षं मास्टर, म्हणजे कप्तान होता. भरलेली बार्ज धक्क्यावरून सुटते ती पाणी चढलेलं असतानाच; ओहोटी लागली की तिचं बूड चिखलात बसतं. हे धक्क्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. कंपनीच्या साखळी गावातल्या ऑफिसात नवा आलेला अधिकारी गुरुदास मात्र नदीकडे कधी फिरकलाच नव्हता.

आल्या आल्या त्याने परिपत्रक काढलं. सगळ्यांनी रोज सकाळी नऊला साखळीत येऊन यंत्रावर अंगठा द्यायचा. न दिल्यास गैरहजर.

शांताराम त्याला भेटायला गेला.

"सायब, सोमवारी भरती साडेआठला आहे. नऊला इथं आलो तर बार्ज कधी काढू?"

"नंतर काढा."

"नंतर पाणी उतरतं."

"नियम सगळ्यांना सारखा," गुरुदास मान वर न करता म्हणाला. "अडचण लेखी द्या."

शांतारामने महिन्याभराच्या भरतीच्या वेळा सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी कागद परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'वेळा रोज बदलत असल्याने मान्यता देता येत नाही. एकच वेळ ठरवून पुन्हा सादर करावे.'

शांतारामला रागाआधी किळस आली. या माणसाच्या हाताखाली आपण काम करतो, याचीच लाज वाटली त्याला.

सोमवारी आठ वाजता खलाशी भिकाजी दोर हातात घेऊन उभा होता. तो सावंतवाडीकडचा, शांतारामच्या बार्जवर नऊ वर्षं होता.

"मास्टर, सोडूया मां? पाणी भरला."

"नको. दोर ठेव आणि चल, बस चुकेल."

बार्जवरचे सातही जण साखळीला गेले. रांग हलेना. दोरांनी झिजलेला भिकाजीचा अंगठा यंत्र घेईना, आणि तो उमटल्याशिवाय मागच्यांनी पुढे जायचं नाही असा शिपायाचा हुकूम. साडेदहाला शांतारामचा फोन वाजला.

"मुरगावात जहाज खोळंबलंय! कुठे आहात तुम्ही?" गुरुदास ओरडला.

"तुमच्या दारात, सायब. रांगेत."

दुपारी परतले तेव्हा बार्ज एका अंगावर कलून चिखलात बसली होती. आपणच तिला असं टाकून गेलो, हे शांतारामला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मेमो आला: ओहोटीची पूर्वसूचना का दिली नाही? गुरुदासने त्याला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"'चूक माझी', एवढ्यावर सही करा. विषय मिटला."

"चूक माझीच," शांताराम म्हणाला. "त्या दिवशी तुमचं ऐकलं. पण ती या कागदात लिहिलेली नाही."

सही न करता त्याने तिथल्याच कोऱ्या कागदावर राजीनामा लिहिला. गुरुदासने तो उलटसुलट करून पाहिला.

"हा नमुन्यात नाही."

"मग ठेवू नका," म्हणून शांताराम बाहेर पडला.

निम्मं खनिज उपसल्यावर तिसऱ्या दिवशी बार्ज तरंगली. चौकशीत ठपका आला नदीच्या गाळावर, आणि गुरुदासला बढती मिळाली. शांतारामला पंधरा दिवसांत दुसऱ्या कंपनीची बार्ज मिळाली. भिकाजीही मागोमाग आला. वत्सलेने, शांतारामच्या बायकोने, एकदाच विचारलं, "एकवीस वर्षांची नोकरी सोडलीत, वाईट नाही वाटत?"

"बार्जचं वाटतं," तो म्हणाला, आणि पाव चहात बुडवला.