पुठ्ठ्याखालची संध्याकाळ

मी चित्रं मढवतो. गिऱ्हाइकं मात्र मला जादूगार समजतात. चहा सांडलेलं, वाळवी लागलेलं, काय वाट्टेल ते आणतात आणि म्हणतात, "जरा बघा ना." बघतो. बघायला काय जातंय!

काकूंनी चित्र काउंटरवर ठेवलं आणि मी ते लगेच ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी मीच मढवलं होतं. त्यांच्या लेकीचं शेवटचं चित्र. पेनानं रेखलेलं शहर, इमारती, गच्च्यांवरच्या टाक्या, तारा. आणि मागे जलरंगातलं मावळतीचं आभाळ. लेक गेल्यावर महिन्याभरात त्या ते घेऊन आल्या होत्या.

शाईच्या रेघा अजून जशाच्या तशा होत्या. आभाळ मात्र धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं झालं होतं.

"काच आतून मळलीय बहुतेक," काकू म्हणाल्या. "तेवढी साफ करून द्या. तिचा लाल रंग दिसेनासा झालाय."

काच स्वच्छ होती. तरी मी ती काढली. मग चित्राभोवतीचा पांढरा पुठ्ठा उचलला. त्याच्या कडेखाली चित्राची बोटभर पट्टी इतकी वर्षं झाकलेली होती. तिथं तांबडा, केशरी, खाली जरासा जांभळा, अगदी काल लावल्यासारखा.

"अगं बाई, आहे की!" काकू वाकल्या. "हाच सगळीकडे आणा ना."

"काकू, बाकीचा उन्हानं उडालाय. तो गेला. मिळताजुळता भरून देईन मी, पण..."

"पण तो तुमचा असेल."

"हो."

काकू त्या पट्टीकडे बघत राहिल्या. "हे म्हणत होते, आतल्या खोलीत लावू. मी भांडले. पोरीला अंधारात कशाला ठेवायचं? तुम्हीच सांगितलं होतंत ना, भरपूर उजेडात लावा, खुलून दिसेल? पश्चिमेच्या खिडकीसमोरच लावलं. रोज ऊन बरोब्बर त्याच्यावर येतं. माझं काही चुकलं का हो?"

उजेडात लावा, हे मी येईल त्याला सांगत आलोय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं चुकलं, काकू."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बोट पट्टीजवळ नेलं आणि न टेकवताच मागे घेतलं.

"झाका ते," त्या म्हणाल्या. "उजेड लागतोय त्याला."