आप्पांच्या मापाची गाडी

सूनबाई लिफ्ट तपासायची. शहरात कुठेही नवी लिफ्ट बसली की हिची सही होईपर्यंत तिच्यात कुणी पाय ठेवायचा नाही, असा नियमच होता. बिल्डर तिला टरकून असत. गोड बोला, घाई करा, चहा पाजा, बाई बधायची नाही. आठ माणसांची लिफ्ट असली तर दहा माणसांइतकी लोखंडी वजनं तिच्यात भरायची आणि मग वरखाली, वरखाली, ब्रेक लागतोय का बघायचं. "रिकामी लिफ्ट काय, कुणाचीही चालते हो," हे तिचं ठरलेलं वाक्य. घरात मात्र ती नुसती सूनबाई. सासऱ्यांची ही हाक इतकी रुळली होती की जुळी पोरंसुद्धा कधीमधी आईला सूनबाई म्हणून धपाटा खायची.

सासरे म्हणजे आप्पा. सासूबाई गेल्या आणि आप्पा दोन बॅगा घेऊन ह्यांच्याकडे राहायला आले, त्याला आता सात महिने झाले होते. सहा फूट उंच, काटक माणूस, पण स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. भाजीत मीठ नाही, तरी "मस्त झालीय". खोलीतला पंखा बंद पडला, तरी "मस्त वारा येतो खिडकीतून". सात महिन्यांत एक तक्रार नाही. चार दिवसांच्या पाहुण्यासारखे राहत होते, आणि त्याचंच सूनबाईला वाईट वाटायचं.

घोडं अडलं होतं गाडीपाशी. गाडी छोटी, पाच जणांची. सूनबाई, नवरा, पंधरा वर्षांची थोरली आणि नऊ वर्षांचे जुळे, झाले की पाच! रविवारी तलावावर जायचं ठरलं की आप्पाच आधी म्हणत, "तुम्ही जा रे. माझा गुडघा जरा कुरकुरतोय." पुढच्या रविवारी कंबर. त्याच्या पुढच्या रविवारी टीव्हीवर काहीतरी फार महत्त्वाचं. आता खरं सांगायचं तर सगळ्यांच्या ते पथ्यावर पडत होतं, म्हणून सगळ्यांना ते पटतही होतं.

मग एका रविवारी पाण्याच्या बाटल्या विसरल्या म्हणून सूनबाई कोपऱ्यावरून परत आली. दार उघडते तर आप्पा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, पायात बूट, लेस पक्की बांधलेली. टीव्ही बंद.

"आप्पा, कुठे निघालात का?"

"छे गं, कुठे नाही." आप्पा ओशाळले. "म्हटलं, ऐन वेळी कुणाचं रद्द झालं, तर माझ्या तयारीपायी तुमचा खोळंबा नको."

सूनबाई बाटल्या घेऊन जिना उतरली. त्या दिवशी तलाव तिला काही दिसला नाही. पोरं पाण्यात दगड मारत होती, नवरा फोटो काढत होता, आणि हिच्या डोळ्यांपुढे त्या बांधलेल्या लेस. संध्याकाळी घरात शिरताच तिने जाहीर केलं, "मोठी गाडी घ्यायची. तीन रांगांची. आणि कधी दगा न देणारी."

नवऱ्याला तर हेच हवं होतं. त्याचं औषधांचं दुकान. प्रत्येक गोळीने कुणाला काय होतं हे त्याला तोंडपाठ. आता तो गाड्यांच्या मागे लागला. अकरा गाड्या आणि तेवीस रकान्यांचा तक्ता फ्रिजवर चिकटला. कुठल्या गाडीचा क्लच लवकर जातो, कुठलीत पाणी शिरतं, कुठलीचा एसी मागच्या रांगेला विचारतच नाही, सगळं लाल-हिरव्या पेनाने. जुळ्यांना उघडणारं छत पाहिजे होतं.

"छताला भोक कशाला?" सूनबाई म्हणाली. "एवढीच हौस असेल तर जुन्या गाडीला पाडून देते मी."

महिना गेला, तक्ता काही फ्रिजवरून हलेना. शेवटी ती तक्ता सोलून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांकडे घेऊन गेली. काकांनी तो हातातही घेतला नाही, हात ऑइलने माखलेले होते.

"ताई, सोपं सांगू का? ज्या गाडीच्या मालकांची नावं मला पाठ आहेत ना, ती घेऊ नका. माझी गिऱ्हाइकं आहेत ती, देव त्यांचं भलं करो. जी गाडी फक्त ऑइल बदलायला येते आणि निघून जाते, ती घ्या."

"अशा किती आहेत ह्यात?"

काकांनी हनुवटीनेच दोन दाखवल्या. तक्त्यात एक पहिली होती, दुसरी चौथी. पहिली दिसायला झकास. चौथी म्हणजे चाकं लावलेलं कपाट. थोरली म्हणाली, ह्या कपाटातून मला शाळेत सोडलंत तर मी गेटच्या आधीच उतरेन. मग काय, पहिलीच पक्की झाली.

शनिवारी सकाळी सगळे शोरूमला निघाले. "आप्पा, गाडी बघून येतो हं!"

"या, या. मला त्यातलं काय कळतं?" आप्पांनी खिडकीतून हात हलवला. छोट्या गाडीत पाच जण बसले, दारं लागली, निघाले. कुणाला काही खटकलं नाही. सूनबाईलासुद्धा नाही, कमाल आहे की नाही!

शोरूममध्ये सूनबाईने सेल्समनला अर्धा तास घाम फोडला. दारांच्या फटी तपासल्या, ब्रेक तीनदा मारून पाहिले, स्पेअर चाक बाहेर काढायला लावलं. बिचारा पोरगेला माणूस, टाय सावरत हो मॅडम, हो मॅडम करत होता. मग कोण कुठे बसणार ते ठरलं. जुळे मधल्या रांगेत, म्हणजे हात पोचेल इतक्या अंतरावर. थोरलीला खिडकी. मागची रांग आप्पांची. सगळे खूष. सूनबाईने पेन उघडलं.

"मागे आजोबा बसणार म्हणालात ना?" सेल्समन फॉर्मवर बोट ठेवत म्हणाला. "त्यांना चढायला जमतंय ना मॅडम? बसून बघितलं त्यांनी?"

नवऱ्याने सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने थोरलीकडे. थोरली खाली बघायला लागली.

"ते घरी आहेत," एक जुळा म्हणाला. "गाडीत जागा नव्हती."

वरात दारात आणि नवरदेव घरीच! सूनबाईचे कान तापले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टांत वजनं भरून बघणारी बाई, आणि आज ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्याचंच वजन न टाकता सही करायला निघाली होती. तिने पेनचं टोपण लावलं. "तुम्ही थांबा इथेच. बिस्किटं खा. मी आलेच."

वीस मिनिटांत ती आप्पांना घेऊन आली. आप्पा वाटभर म्हणत होते, "अगं, माझं काय त्यात, तुम्हाला आवडली ना, झालं." शोरूममध्ये सेल्समनने मधली सीट पुढे पाडली. वीतभर फट झाली. आप्पांनी आधी डोकं घातलं, मग एक पाय, मग तो बाहेर काढून दुसरा. कसेबसे आत गेले. गुडघे हनुवटीला टेकले, डोकं छताला.

"मस्त आहे," आतून आवाज आला. "ऐसपैस."

"आप्पा!" सूनबाई ओरडली. अख्खं शोरूम वळून बघायला लागलं. "पुरे झालं तुमचं मस्त! भाजी मस्त, पंखा मस्त, घरी एकटं बसणं मस्त! मी काय परकी आहे का? तुमच्यासाठी घेतोय ही गाडी, तुमच्याच! दुखतंय तर दुखतंय म्हणा की!"

मग आप्पा म्हणाले, "दुखतंय गं. आणि आता मला बाहेरही येता येत नाहीये."

नवऱ्याने आणि सेल्समनने एकेक हात धरून आप्पांना ओढून बाहेर काढलं.

मग कपाट बघितलं. दाराखाली रुंद पायरी, मध्ये दोन सुट्या सीटा आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट. जुळे धावत मागे गेले, म्हणजे आता हात पोचणार नव्हता, पण त्याला इलाज नाही. आप्पा चढले, मधल्या सीटवर बसले, पाय लांब केले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे डोकं टेकायचं फार पुढे येतंय," आप्पा म्हणाले. "मानेत भरेल माझ्या. आणि एसीचा झोत थेट गुडघ्यावर. कोण करतं असलं काहीतरी?"

आठ महिन्यांतली पहिली तक्रार! सूनबाईला आनंदाने काय करू न काय नको असं झालं. सेल्समनने धावपळ करून डोक्याचं मागे सरकवलं, झोत वळवला. आप्पांनी आणखी दोन चुका काढल्या. थोरलीसुद्धा शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "आतून तशी बरी आहे." बाहेरून कशी दिसते ते तिने काढलं नाही. सूनबाईने सही ठोकली.

"सहा आठवड्यांत गाडी दारात, मॅडम."

"सहा आठवडे?" आप्पा गाडीतून उतरता उतरता थांबले. "म्हणजे आणखी सहा रविवार? नाही हो. मी सांगून ठेवतो, मी आता घरी राहणार नाही. एकट्याने फार जड जातो तो दिवस."

एवढा उंच माणूस पायरीवर उभा, आणि लहान मुलासारखा दांडा धरून.

"कुणीच नाही राहायचं घरी," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. "उद्या बसने जाऊ तलावावर. घरासमोरून जाते की, थेट."

"ती हिरवी? दर अर्ध्या तासाने जाते ती?"

"हो, तीच."

"ती तर आठ महिने जातेय, सूनबाई," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "मी खिडकीतून बघतो ना तिला. निम्मी रिकामी असते."

अकरा गाड्या, तेवीस रकाने, एक महिना, आणि बस समोरून जात होती.

"चुकलंच आमचं, आप्पा," ती म्हणाली.

"असू दे गं," आप्पा म्हणाले आणि जपून खाली उतरले. "उद्या कितीला निघायचं?"