परळात न पडणारी थंडी

"गाडीला बरफ?" कमळाबाईने पापलेटावरचा हात तसाच ठेवला. "ताप आलाय काय रे तिला, राजाराम?"

"दाराला लावायचाय. आणि मासळीला न लागलेला दे. थेट भुशातला."

"का? दार वास घेतं?"

"गाडी शेठची आहे. शाकाहारी आहेत ते."

आजूबाजूच्या सगळ्या मासळीवाल्या खो खो हसल्या. कमळाबाईने टोपलीमागचं गोणपाट बाजूला सारलं, भुशातून एक लादी ओढून काढली आणि दुसऱ्या गोणपाटात घट्ट बांधून त्याच्या खांद्यावर दिली. "ने. दार उठून बसलं की सांग, नारळ फोडू."

राजाराम साळवे लालबागच्या बाजारातून परळच्या गॅरेजकडे झपझप निघाला. पाठीवरून गार पाणी ओघळत होतं. डिसेंबरातली सकाळ होती, मुंबईकर जिला थंडी म्हणून स्वेटरला ऊन दाखवतात तसली. राजारामला हवी होती ती थंडी मात्र या शहरात पडत नव्हती, आणि सगळा घोळ तिथेच होता.

नानांच्या गॅरेजात तो बिजलीचं काम बघत असे. दिवे, हॉर्न, डायनॅमो. पण त्याचा जीव होता शेठच्या लांबलचक अमेरिकन गाडीत. तिच्या काचा बटणाने वरखाली होत. ती आली की समोरच्या चाळीतल्या बायका हातातली कामं टाकून गॅलरीत यायच्या. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं ज्या भिंतीवर रंगवलेलं होतं, नेमकी तिच्याचखाली शेठ गाडी उभी करायला लावत, कारण दुपारची सावली तिथेच पडे. शेठची त्याबद्दल तक्रार नव्हती, भिंतीचीही नव्हती.

गाडी चालवायचा दौलत. तो राजारामचा शेजारी, दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. महिन्याच्या सुरुवातीला तो शेठाणीला घेऊन महाबळेश्वरला गेला. पहाटे घाटात वळताना हात दाखवायला त्याने आपल्या बाजूची काच खाली घेतली. ती गेली खाली, आणि वर येईना. शेठाणी मागे शालीवर शाल गुंडाळून कुडकुडत बसल्या. गाडी मुंबईत आल्यावर शेठनी स्वतः बटण दाबलं, तर काच सुरकन वर! दुसऱ्या खेपेलाही अगदी तेच झालं. मग शेठनी आपल्या मनाशी निकाल लावला. दौलतला विडी ओढायची असते, म्हणून तो काच उघडी ठेवतो आणि वर थाप मारतो. "नाताळात पुन्हा जायचंय," ते म्हणाले. "पुन्हा असं झालं तर मी दुसरा ड्रायव्हर बघेन."

"विडी ओढतो रे मी, नाय कशाला म्हणू," दौलत राजारामला म्हणाला होता. "पण शेठाणी मागं बसल्यावर? घाटात? मला काय खूळ लागलंय? नोकरी गेली तर जाऊ दे एक वेळ, पण थापाड्या म्हणून घालवली तर दुसरा कोण उभा करील मला?"

राजारामने दार दोनदा उघडून पाहिलं होतं. फ्यूज ठीक, वायर ठीक, मोटर ठीक. बटण दाबावं आणि काचेने गुणी मुलीसारखं वर यावं. शेवटी आज सकाळी तो अंघोळ करून आला, तर बायको खोबरेलाची बाटली घेऊन दारात उभी.

"थिजलंय," लक्ष्मी म्हणाली. "उन्हात ठेवते. तोवर बसा केस वाळवत."

राजाराम बसला नाही. घाटातल्या गारठ्यात दारातही असंच काही थिजत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं आणि तो तसाच ओल्या केसांनी सदरा चढवून बाजारात गेला.

आणि आता गॅरेजात त्याने दाराचं आतलं अस्तर काढलं, बरफ फोडून गोणपाटाच्या पट्ट्यांत भरला आणि त्या पट्ट्या काचेच्या यंत्राभोवती, खाचेच्या कडेने ठासून बसवल्या. दौलत स्टिअरिंगमागे बसून राहिला, डॉक्टरकडे आलेल्या माणसासारखा.

"दाराची कुल्फी लावलीस काय रे?" नाना लांबूनच ओरडले.

दार बोटाला झोंबेल इतकं गार झालं, तेव्हा राजाराम म्हणाला, "दाब."

काच खाली गेली. "आता वर." मोटर कण्हली, टक् झालं, आणि सगळं गप्प.

दौलत उडी मारून बाहेर आला. "बघा! नाना, या इकडं, बघा! आहे का मी थापाड्या? सांगा आता!"

राजाराम मात्र हसला नाही. त्याने आत बोट घालून एक गोळा खरवडून काढला. पिवळट, मेणासारखा घट्ट. वास घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. त्याचा मेहुणा रामजी गिरणीत कापड विणायच्या साच्यांना तेलपाणी करायचा. त्याने दिलेल्या त्या ग्रीसवर अर्धी चाळ चालत होती. शिलाईची यंत्रं, सायकली, बिजागऱ्या, कुणाकुणाचा पाळणासुद्धा. साच्याच्या उष्णतेत ते पातळ होत नसे, हा त्याचा मोठेपणा. थंडीत त्याचं काय होतं हे गिरणगावात कुणी कधी विचारलंच नव्हतं. विचारायला थंडी होती कुठे? पावसाळ्यात हेच ग्रीस राजारामने चारही दारांत आपणहून, मायेने भरलं होतं. एवढ्या गाडीला हलकं कशाला, म्हणून.

नानांनी गोळ्याकडे पाहिलं, मग राजारामकडे. त्यांना सगळं कळलं. "धुऊन टाक," ते हळूच म्हणाले. "शेठला सांग, वायर सैल होती. वायर काय उलटून बोलणारे?"

"ते मानणार नाहीत, नाना. एका चाळीतले दोघे, म्हणतील मिळून बनवतायत. त्यांना डोळ्यांनी दाखवायला पाहिजे."

"दाखवलंस तर विचारतील, आत काय घातलंय. आणि मग विचारतील, कोणी."

राजारामने बोटावरचं ग्रीस चिंधीला पुसलं. दोन वर्षांपूर्वी त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पाच शीलांपैकी बाकीच्यांचा त्याला विशेष त्रास नव्हता. दारू तो आधीही पीत नव्हता. चौथं, खोटं न बोलण्याचं, तेवढं गॅरेजात जड जायचं. 'उद्या नक्की मिळेल' हे वाक्य तर दिवसातून कितीदा तोंडातून निसटे. पण ते निसटणं वेगळं, आणि हे वेगळं. समोर दौलत उभा होता, टोपी हातात धरून, आनंद निम्म्यावर थांबलेला.

"जा," राजाराम त्याला म्हणाला, "शेठना घेऊन ये. मी दार गार ठेवतो."

शेठ टॅक्सीने आले. धोतर सावरत ठिबकणाऱ्या दारापाशी उभे राहिले आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. खाली. वर... टक्. पुन्हा दाबलं. टक्. बरफ काढून दाराला ऊन दिल्यावर बटण दाबताच काच कुरकुरत वर आली, तेव्हा शेठनी वाकून दाराच्या आत पाहिलं.

"आत काय आहे?"

"ग्रीस आहे, शेठ. थंडीत घट्ट होतं."

"कोणी भरलं?"

नानांना एकाएकी एका कार्बोरेटरमध्ये फार काम निघालं.

"मी," राजाराम म्हणाला. "तुम्ही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, चांगलं आहे."

शेठनी मान हलवली. मग दौलतकडे वळून म्हणाले, "दौलत, ते विडीचं मी बोललो, ते राहू दे. घरी मी सांगेन." दौलतने टोपी डोक्यावर घातली.

"आज तूच साफ कर," शेठ राजारामला म्हणाले. आवाजात राग नव्हता. "यापुढे मात्र गाडी फोर्टला जाईल. कंपनीच्या गॅरेजात."

"बरोबर आहे, शेठ," राजाराम म्हणाला.

त्याने चारही दारं रॉकेलने धुतली, शिलाई यंत्राचं पातळ तेल सोडलं, खाचेतल्या रबराला संगजिऱ्याची पूड चोळली. उरलेला बरफ लावून चारही काचा पुन्हा पुन्हा चालवून पाहिल्या. नाना संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत, आणि मग बोलले ते एवढंच, "सोन्यासारखं गिऱ्हाईक घालवलंस, गाढवा. चहा घे."

जानेवारीत एका सकाळी परळच्या नाक्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीचा मोर्चा चालला होता आणि गाड्या खोळंबल्या होत्या. राजाराम हॉटेलाच्या पायरीवर बशीत चहा ओतून उभा होता. ती लांबलचक गाडी येऊन नेमकी त्याच्यासमोर थांबली. मागे शेठ आणि शेठाणी. दौलत पांढऱ्या गणवेशात, ताठ. मालक मागे असताना ड्रायव्हरने गप्पा मारायच्या नसतात, म्हणून त्याने मान वळवली नाही. फक्त त्याच्या बाजूची काच खाली गेली, सावकाश, शेवटपर्यंत. थोडा वेळ तशीच राहिली. मग वर यायला लागली.

घोषणांच्या गलबल्यातही राजारामने कान दिला. मोटर कुठे धापा टाकते का, वरच्या बोटभर जागेत अडखळते का. अडखळली नाही. मोर्चा पुढे सरकला, मागोमाग गाडीही भायखळ्याच्या दिशेने निघून गेली. राजारामने चहा संपवला, बशी पालथी घातली आणि तो कामावर गेला. नानांनी त्याच्यासाठी भाजीच्या ट्रकचा एक बसलेला हॉर्न काढून ठेवला होता.