कोणती मुंबई?

बाळांनो, डोळे मिटा असं मी सांगणार नाही. डोळे मिटले तर पुढची ओळ कशी वाचाल? उघड्या डोळ्यांनीच मनात एक गाव आणा. त्या गावाला स्टेशनं दोन. दोन्हींच्या पाटीवर त्याच गावाचं नाव. पण एक स्टेशन गावात आहे आणि दुसरं चार-पाच किलोमीटर लांब, दुसऱ्याच एका गावाच्या शेजारी. आता समजा, तुमच्या आत्याचा फोन आला, "मी निघाले, घ्यायला स्टेशनवर ये." तुम्ही कुठं जाल?

विचार करा. मी थांबतो.

असं गाव खरंच आहे. भंडारा जिल्ह्यातलं तुमसर. एक तुमसर टाऊन आणि एक तुमसर रोड. तुमसर रोड आहे देव्हाडीला. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या तिथून जातात आणि तिरोडीकडची छोटी गाडी टाऊनला थांबून मग रोडला येते. इथल्या माणसांना हे पाठ असतं, म्हणून ते सांगायचं विसरतात. जे आपल्याला पाठ असतं, तेच आपण सांगायला विसरतो.

आंधळगावच्या टीनाचं बारसं याच विसरण्यामुळे लांबलं होतं. तिची आत्या तिरोडीहून निघाली, तेव्हा टीनाचे बाबा चंद्रकुमार फोनवर एवढंच म्हणाले, "तुमसरले उतरजो, मी येतो." आत्या टाऊनला उतरली. बाबा रोडला उभे राहिले. आत्याच्या फोनची बॅटरी संपलेली. दोन तास दोघंही आपापल्या स्टेशनवर एकमेकांवर चिडत बसले. इकडे पाळणा सजवलेला, बायकांनी म्हणायची तेवढी गाणी दोन-दोनदा म्हणून झालेली आणि घुगऱ्या गार झालेल्या. पण आत्याशिवाय बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? तो मान आत्याचाच. म्हणून आमच्या टीनाला नाव मिळालं ते दोन तास उशिरा.

ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली, की टीनाला लहानपणापासून एक शब्द चिकटला. कोणतं?

आई म्हणाली, "डबा आण," की ही विचारी, "कोणता?"

"वरच्या फळीवरचा."

"कोणत्या फळीच्या वरचा?"

"माय व, आणतो मीच!"

वर्गात गुरुजी म्हणाले, "पुस्तक काढा," की सगळी मुलं टीनाकडे बघून एका सुरात म्हणत, "कोणतं?" तिला सगळे 'कोणतंबाई' म्हणू लागले. टीना दहा वर्षांची झाली होती. आता तिला ते लागायचं. या वर्षी तिनं ठरवलं होतं, की हा शब्द तोंडातून काढायचाच नाही.

आणि त्याच वर्षी टेकचंदमामाला मुलगी झाली.

टेकचंदमामा म्हणजे टीनाच्या आईचा, दुर्गाबाईचा, धाकटा भाऊ. तो नोकरीला कोचीला होता. देशाचा नकाशा काढा, खाली केरळात समुद्राच्या काठावर बोट ठेवा. ती कोची. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याच्या घरात पाळणा हलणार होता. फोनवर त्याला धड बोलताही येईना.

"अक्का, रविवारी दहा वाजता बारसं हाय. तुले यावंच लागते. तुझ्याशिवाय नाव नाही ठेवत मी."

"येतो ना बाप्पा! मी नाही येईन तं कोण येईन?" दुर्गाबाई म्हणाली आणि फोन ठेवून हातमागावर जाऊन बसली. कारण मागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी होती आणि ती शुक्रवारी उतरवून द्यायचा शब्द दिलेला होता. उरलेल्या कोशाच्या सुतातून तिनं बाळासाठी हातभर कापड आधीच विणून ठेवलं होतं, कुंची शिवायला.

साडी शुक्रवारी उतरणार आणि बारसं रविवारी सकाळी. नागपूरहून कोचीची रेल्वे एका दिवसात पोचत नाही. राहिलं विमान.

विमानाचं काम भूपेंद्रकडे आलं. भूपेंद्र टीनाचा चुलतभाऊ. आंधळगावच्या चौकात त्याचं दुकान होतं. सातबारा काढणं, फॉर्म भरणं, तिकीट काढणं, सगळं तिथं व्हायचं. गुरुवारी संध्याकाळी तो दोन कागद नाचवतच घरात आला.

"काकी, शनिवारचं काम पक्कं! एका कंपनीनं मुंबईच्या नव्या विमानतळावरून देशभर विमानं वाढवली. गुवाहाटी म्हणू नका, जम्मू म्हणू नका, चहूकडं! नागपूरचंही सुरू केलं. म्या लगेच पकडलं. हे नागपूर ते मुंबई, साडेतीनले उतरान. अन् हे मुंबई ते कोची, पाच वाजता उडान. तुम्ही अन् टीना, दोघीचंही काढलं."

"विमानाची खिडकी उघडते का रे?" दुर्गाबाईनं विचारलं. "मले गाडीत हवा लागते."

"काकी, ते उघडली तं तुम्ही कोचीच्या आधीच उतरान."

बाबा हसले. टीनानंही हसत हसत कागद हातात घेतले. पहिल्यांदाच विमानात बसायचं होतं, तर कागद तरी नीट बघावा. पहिल्या कागदावर मुंबईपुढं तीन इंग्रजी अक्षरं होती. एन, एम, आय. दुसऱ्या कागदावरही मुंबईपुढं तीन अक्षरं होती. बी, ओ, एम.

तो शब्द टीनाच्या जिभेवर आला होता. तिनं ओठ घट्ट मिटले. पण रेल्वेचं तिकीट तिनं किती वेळा वाचलं होतं! तुमसर रोडची अक्षरं वेगळी असतात आणि तुमसर टाऊनची वेगळी. अक्षरं वेगळी म्हणजे स्टेशन वेगळं.

तिनं आईकडे पाहिलं. आई ते हातभर कापड घडी करून पिशवीत ठेवत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

"दादा," टीना हळूच म्हणाली, "कोणती मुंबई?"

झालं! भूपेंद्र कपाळाला हात लावून खालीच बसला. "घ्या! आली कोणतंबाई! अव पोरी, मुंबई एकच राहते. नवं विमानतळ झालं तं जुनं बंद झालं असन. ते का तुमसर हाय?"

"मंग अक्षरं काहून दोन तऱ्हेची हायत?"

"छापून राहते तसं कंपनीचं काही."

"कंपनीचं नाव तं वर हाय. हे मुंबईपुढं लिवलं हाय."

बाबांचं हसू थांबलं. देव्हाडीच्या स्टेशनवर दोन तास उभा राहिलेला माणूस तो. "भूपेंद्र," ते म्हणाले, "एक डाव पाहून घे बरं."

भूपेंद्रनं मोबाइल काढला. आधी ताठ बसून बघितलं, मग वाकून बघितलं, मग उठून दारात जाऊन बघितलं.

"काकाजी," तो तिथूनच म्हणाला, "जुनंही चालूच हाय. मुंबईले दोन हायत."

आता तुम्ही विचाराल, एका शहराला दोन विमानतळ कशाला? सोपं आहे. तुमच्या गावतळ्याला एकच घाट असेल आणि सगळं गाव तिथंच धुणं घेऊन आलं, तर काय होईल? धक्काबुक्की. मग गाव दुसऱ्या बाजूला दुसरा घाट बांधतं. तळं तेच, घाट दोन. मुंबईच्या विमानांचंही तसंच झालं. फक्त या दोन घाटांच्या मधे खाडी आहे, पूल आहे, तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर गाड्याच गाड्या आहेत. साडेतीनला नव्या विमानतळावर उतरायचं, सामान घ्यायचं, जुन्या विमानतळावर जायचं आणि पाचचं विमान धरायचं. तुम्हीच हिशेब करा.

टीनाच्या आईनं तो केला. तिच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "म्हणजे ते विमान सुटन?"

भूपेंद्रनं मान डोलावली.

"अन् त्याच्या मागचं?"

"मधल्या सगळ्या भरल्या. जागा हाय ते एकदम रविवारी संध्याकाळी, काकी," भूपेंद्र म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"दहा वाजता बारसं हाय. नऊ वर्षांनी पाळणा बांधला माझ्या भावानं. तो थांबन माझ्यासाठी. घरात पाव्हणे येऊन बसतीन अन् पोरगी बिननावाची पाळण्यात पडून राहीन." दुर्गाबाईनं डोळ्याला पदर लावला. "तुह्यासारखीच व, टीना."

मोठी माणसं घाबरली, की सगळी एकदम बोलतात. बाबा म्हणाले, साडी आजच रात्री उतरवू, उद्याच निघा. भूपेंद्र म्हणाला, मी मुंबईत टॅक्सी ठरवतो, तिला पळवायला सांगतो. आई म्हणाली, माझ्या जीवावर पळवतं का?

टीना मात्र अजून त्या कागदांकडे बघत होती. घाबरलो, की आधी कागद पुन्हा वाचावा. एवढं एक तुम्ही तिच्याकडून घ्या.

"दादा, तू म्हटलं ना, कंपनीनं विमानं वाढवली. चहूकडं."

"हो."

"कोणत्या विमानतळावरून?"

"नव्या."

"मंग कोचीचंही वाढवलं असन की नाही? तिथूनच?"

भूपेंद्रनं तोंड उघडलं, मिटलं आणि मोबाइलवर ती बातमी पुन्हा उघडली. तीच बातमी, जी तो दोन दिवस चौकात सगळ्यांना वाचून दाखवत होता. गुवाहाटी, जम्मू आणि तिसऱ्या ओळीत, कोची.

"सहा वाजता," तो म्हणाला. "शनिवारी. नव्याच विमानतळावरून. अन् जागा हायत!"

"दोन दिवस बोंबलून राहिला बातमी," बाबा म्हणाले, "अन् तिसऱ्या ओळीपर्यंत वाचली नाही का बे?"

दुसरं तिकीट बदलायला भूपेंद्रनं कंपनीला फोन लावला. फोनमधे आधी बराच वेळ संगीत वाजलं. आई म्हणाली, चांगलं वाजवतात. मग एका बाईचा आवाज आला. भूपेंद्र उभाच राहिला, "हो मॅडम, हो जी मॅडम," करत. शेवटी फोनमधून प्रश्न आला, "मुंबईत दोन विमानतळ आहेत सर. आपल्याला कोणतं हवंय?"

आई, बाबा, भूपेंद्र आणि टीना, चौघंही एकदम ओरडले, "नवं!"

पलीकडे त्या बाई जरा दचकल्या असाव्यात. पण तिकीट बदललं. भूपेंद्रनं नवा कागद छापून आणला आणि काही न बोलता आधी टीनाच्या हातात दिला. तिनं अक्षरं वाचली. एन, एम, आय. दोन्हींवर तीच.

शनिवारी दोघी निघाल्या. विमानाची खिडकी उघडत नाही हे आईनं एकदा बोटानं दाबून पाहिलं आणि मग ढग बघत बसली. मुंबईत उतरल्यावर टीनानं तिथल्या गणवेशातल्या ताईला विचारून घेतलं, "ताई, हे कोणतं?" ताई हसली आणि तिनं पाटी दाखवली. सहाच्या विमानात दोघी वेळेवर बसल्या. रात्री कोचीला मामा दारातच उभा होता.

"इथली स्टेशनंही दोन हायत बरं, कोणतंबाई," तो म्हणाला. "एर्नाकुलम टाऊन अन् एर्नाकुलम जंक्शन. तुले इथं घरासारखं वाटन."

रविवारी दहाच्या ठोक्याला बाळ पाळण्यात होतं. डोक्यावर दुर्गाबाईनं रात्रीच शिवलेली कोशाची कुंची, जराशी मोठी झालेली, कपाळावर सरकणारी. शेजारच्या बायका कौतुकानं बघत होत्या. दुर्गाबाईनं पदर खोचला आणि पाळण्यावर वाकायच्या आधी भावाला विचारलं, "सांग, काय ठेवायचं?"

"सत्यवती," मामा म्हणाला. "आपल्या आजीचं."

"रेणू," रितामामी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रेणू हाक मारायला हो," मामा म्हणाला. "पण पाळण्यातलं सत्यवती."

"पाळण्यातलंच रेणू ठरलं होतं आपलं!"

"ते तं तुह्यं ठरलं होतं."

दुर्गाबाई वाकलेली तशीच थांबली. सगळ्या बायका थांबल्या. बाळानं ओठ काढायला सुरुवात केली. आणि मग दुर्गाबाईनं मान वळवली. जो शब्द ऐकून इतकी वर्षं तिनं कपाळाला हात लावला होता, तोच शब्द तिनं स्वतः विचारला, "अरे, कोणतं?"

टीना खुदकन हसली. मग ती पाळण्याला वळसा घालून पलीकडे गेली.

"आई, तू आजीचं सांग," ती म्हणाली. "त्या कानात."

"अन् दुसरं?"

"बाळाले कान दोन हायत ना."

"पण पोरी, नाव तं आत्या सांगते," मामी म्हणाली.

"आत्याचीच पोरगी होय मी."

दुर्गाबाई हसली आणि बाळाच्या उजव्या कानाशी वाकली. टीनानं कुंची हलकेच वर सारली, बाळाच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि पाळण्यातल्या त्या इवल्या बहिणीला सांगितलं, "रेणू."